ठशाची साक्ष

सात वर्षांपूर्वी मी गुजरात शासनाच्या महसूल खात्यातून निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी खणातील सरकारी वस्तू यादीप्रमाणे परत करावयाच्या असतात. नियमपुस्तिका, स्टेपलर, कपाटाच्या किल्ल्या हे सर्व एका यादीत मावले. कचेरीच्या गोल शिक्क्यासाठी मात्र निराळी पावती झाली. चौतीस वर्षे ज्या वस्तूवाचून माझ्या सहीला किंमत नव्हती ती वस्तू माझी नव्हती, हे त्या पावतीने मला नीट समजले. घरी आलो तेव्हा अंगठ्याजवळ जांभळ्या शाईचा डाग होता. तो दोन-तीन दिवसांनी गेला.

निवृत्तीनंतरचा माझा दिनक्रम चारचौघांसारखाच आहे. सकाळी कमाटीबागेत फेरी, कुंड्यांतील मोगऱ्याला पाणी, वर्तमानपत्रातील शब्दकोडे आणि दुपारी तासभर वाचनालय. अशाच एका शुक्रवारी जुन्या बाजारात तांब्यापितळेच्या ढिगाऱ्यात एक सागवानी ठसा दिसला. त्यावर कोयरी कोरलेली होती, कडा झिजल्या होत्या आणि खाचांत तांबडा रंग वाळून बसला होता. चाळीस रुपयांस तो घेतला. नातीचा वाढदिवस तोंडावर आला होता. ठसा स्टँपपॅडपेक्षा मोठा, म्हणून पॅडच उलटा करून ठशावर थोपटला आणि जाड कागदाची घडी करून तिच्यावर तो दाबला. कोयरी अर्धवट उमटली, एका बाजूस शाईचा गोळा झाला. पण नातीने बाजारातली सर्व रंगीत कार्डे बाजूला सारून तेच एक कार्ड आपल्या टेबलावर उभे केले. तेव्हापासून हा छंद जडला. आज माझ्याजवळ पंधरा-वीस लाकडी ठसे आहेत, लिनोलियमवर आणि खोडरबरावर स्वतः कोरलेले आणखी तितकेच असतील. दिवाळी, संक्रांत आणि घरातले वाढदिवस यांची कार्डे मी स्वहस्ते छापतो.

हा छंद निरुद्योगी माणसाचा विरंगुळा आहे असे मलाही प्रथम वाटले होते. परंतु ठसा या वस्तूचा मागोवा घेत गेलो तसे ध्यानात आले की तिचे मूळ काम शोभेचे नाही. ते साक्ष देण्याचे आहे. अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक माणूस होता, हे कागदावर पक्के करणे हे ते काम. आपल्यासारख्या परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांशी त्याचा किती निकटचा संबंध आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आपल्या इतिहासात ठशाचे सर्वांत तेजस्वी रूप म्हणजे मराठेशाहीतील मुद्रा. शिवछत्रपतींची मुद्रा अष्टकोनी आणि संस्कृत श्लोकबद्ध होती. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढत जाणारी, जगाला वंद्य झालेली ही शहाजीपुत्र शिवाजीची मुद्रा लोककल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय आहे. ज्या काळी राज्यकारभाराची भाषा बहुतेक फारसीने व्यापली होती त्या काळी मुद्रेसाठी संस्कृत निवडणे ही स्वतःच एक घोषणा होती. २८ जानेवारी १६४६ या तारखेचे, रांझे गावच्या पाटलाविषयीचे पत्र प्रसिद्ध आहे. पाटलाने एका स्त्रीशी दुर्वर्तन केले. त्याला शिक्षा झाली. त्या पत्राच्या माथ्यावर ही मुद्रा आहे. एका सामान्य स्त्रीच्या बाजूने उमटलेला ठसा म्हणून मला तो पुनःपुन्हा आठवतो, आणि त्याचे कारण पुढे सांगणार आहे.

मुद्रा माथ्यावर असे, तर मजकुराच्या शेवटी दुसरा लहान शिक्का असे. त्यास मोर्तब म्हणत. 'मोर्तब सूद' हा शब्दप्रयोग फारसीतून आला. पत्र पुरे झाले, व्यवस्थित झाले, असा त्याचा अर्थ. या शिक्क्याचे काम अगदी व्यवहारी होते. मजकूर संपतो तेथेच तो मारला म्हणजे खाली कोणालाही एखादी ओळ घुसडता येत नसे. लांब पत्रांसाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत. मधलाच बंद कोणी बदलू नये म्हणून पाठीमागे सांध्यावर शिक्का मारीत, म्हणजे त्याचा अर्धा भाग एका बंदावर आणि अर्धा दुसऱ्यावर पडे. जुन्नरी आणि दौलताबादी हातकागदावरील असे मोडी कागद ज्यांनी हाताळले असतील त्यांनी त्यांची काळीभोर शाई पाहिली असेल. ती काजळाची असे, आणि काजळ उडत नाही. आज आपण एखादी गोष्ट पक्की झाली की 'शिक्कामोर्तब झाले' असे सहज म्हणून जातो; त्या शब्दात दोन वेगळे ठसे आणि एवढी सावधगिरी दडलेली आहे.

राजसत्तेच्या हातातला ठसा सामान्य माणसाच्या पत्रापर्यंत पोहोचला तो टपालाच्या द्वारे. हिंदुस्थानात, किंबहुना आशिया खंडातच, पहिली टपाल तिकिटे १८५२ साली सिंध प्रांतात निघाली. तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर हे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. ही तिकिटे उठावाची होती. प्रथम लाल लाखेच्या पातळ चकतीवर ठसा दाबला, पण चकत्या तडकू लागल्या. मग पांढऱ्या कागदावर शाईवाचूनच नक्षी उठविली. ते पांढरे तिकीट अंधुक उजेडात दिसेना, म्हणून पुढे निळा रंग आला. आज हौशी मंडळी कार्डावर शाईवाचून उठाव काढतात, तेव्हा नकळत तोच प्रयोग करीत असतात.

याहून जवळची उदाहरणे आपल्या संस्थानांची आहेत. पंतसचिवांच्या भोर संस्थानाने १८७९ साली अर्धा आणा आणि एक आणा किमतीची तांबडी तिकिटे काढली. ती यंत्रावर छापलेली नव्हती. देशी कागदावर एकेक ठसा हाताने मारून तयार केली होती. होळकरांच्या इंदूर संस्थानाने १८८६ साली शिळाछापाची तिकिटे काढली, आणि १८८९ साली तेथेही अर्ध्या आण्याचे तिकीट गुलाबी कागदावर काळ्या शाईने हातठशाने उमटविले गेले. अशा तिकिटांत कोठे शाई जास्त, कोठे एक कोपरा पुसट, कोठे ठसा थोडा तिरका. आज संग्राहक या तिकिटांना जपतात. कोणा अनाम कारकुनाचा हात त्यांत दिसतो, हेही त्या जपण्याचे एक कारण असावे असे मला वाटते. माझ्या पहिल्या कोयरीचा शाईचा गोळा आठवून मला या कारकुनाविषयी बंधुभाव वाटतो.

ज्या वर्षी भोरची तिकिटे निघाली त्याच वर्षी, म्हणजे १ जुलै १८७९ रोजी, सरकारी टपालखात्याने पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू केले. एका पैशात मजकूर हिंदुस्थानभर जाऊ लागला. आपल्या लोकांनी या चतकोर कार्डावर आपली सर्व रीतभात बसविली. माथ्यावर 'श्री', मग वडीलधाऱ्यांस शिरसाष्टांग नमस्कार, लहानांस अनेक आशीर्वाद, समासात उभ्या ओळीने आणखी काही राहिलेले. शुभवार्ता असली तर कोपऱ्यास हळदकुंकू लावीत. अशुभ वार्ता असली तर कोपरा फाडून कार्ड टाकीत, आणि असे कार्ड वाचून झाले की घरात ठेवीत नसत. या सर्वांवर टपालाचा काळा गोल छाप पडे. एक रवाना होण्याच्या ठिकाणचा, आणि जुन्या कार्डांवर पुष्कळदा दुसरा पोहोचण्याच्या ठिकाणचाही.

या गोल छापाने माझ्या घराचा इतिहास बदलला. आमच्या घरी अशी परंपरागत समजूत होती की आमचे पणजोबा खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्यास आले. खंडेराव महाराजांची कारकीर्द १८५६ ते १८७० ची. लग्नकार्यात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाई. वडिलांच्या पश्चात त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तळाशी एक पोस्टकार्ड मिळाले. ते बडोद्याहून पणजोबांच्या आतेभावाने लिहिलेले होते आणि राजापूर तालुक्यातील आमच्या मूळ गावी पणजोबांच्या नावे गेले होते. मजकूर मोडीत. महिना आणि तिथी होती; शक नव्हता. येथे शाळाखात्यात नव्या जागा निघत आहेत, दिवाळीनंतर निघून यावे, राहण्याची सोय आमच्याकडे होईल, असा आशय. कार्ड केव्हाचे हे मजकुरावरून कळणे शक्य नव्हते. भिंगाखाली धरल्यावर बडोद्याच्या गोल छापातील वर्षाचे दोन आकडे स्पष्ट लागले: ९४.

म्हणजे १८९४ साली पणजोबा अद्याप कोकणातच होते. काळ तर जुळत होताच; सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता, आणि १९०६ साली तो सर्व राज्यभर लागू झाला. आम्ही दरबारी मानकऱ्यांचे वंशज नव्हतो. नोकरीच्या शोधात आलेल्या एका तरुण शाळामास्तराचे वंशज होतो, आणि त्यास येथे बोलावणारा तो आतेभाऊ आमच्या वंशावळीत कोठे नोंदलेलाही नव्हता. आमच्या काकांना हे रुचले नाही. मला मात्र आपल्या घराचा पहिला खरा दिवस सापडल्यासारखे वाटले. शाईच्या त्या फिकट गोलावाचून हे कधीच कळले नसते.

सरकारी कचेऱ्यांत ज्या शिक्क्याचे राज्य पुढे चालले तो रबरी शिक्का मात्र अमेरिकेची देणगी. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडके. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णता यांच्या योगाने ते टिकाऊ करण्याची रीत शोधली व १८४४ साली तिचे पेटंट घेतले. पुढे दंतवैद्य कवळीची बैठक कठीण रबराची करू लागले आणि त्यासाठी लहान भट्ट्या निघाल्या. १८६० नंतरच्या दशकात कोणीतरी त्याच भट्टीत अक्षरांचा साचा ठेवून रबरी शिक्का काढला. तो मान नेमका कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. कृती पुढे शंभर वर्षे फारशी बदलली नाही. खिळे जुळवावयाचे, त्यांचा साचा घ्यावयाचा, साच्यावर रबराची पट्टी ठेवून दाबाखाली तापवावयाची आणि ती कापून लाकडी मुठीस चिकटवावयाची. आमच्या तरुणपणी प्रत्येक कोर्टाबाहेर असा एक शिक्केवाला बसलेला असे.

या रबरी शिक्क्याने माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती येथे लिहून ठेवतो. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या कचेरीत मी होतो. एक वृद्ध बाई नवऱ्याच्या जमिनीवर वारसांची नावे चढविण्यासाठी पेढीनामा घेऊन आल्या. तलाठ्याची सही होती, पंचांच्या सह्या होत्या, खाली बाईंचा डाव्या हाताचा अंगठा होता. गोल शिक्का तेवढा नव्हता. मी तो कागद परत केला. बाई काही बोलल्या नाहीत. कागदाची घडी करून पदराच्या गाठीत बांधली आणि गेल्या. चार दिवसांनी शिक्का घेऊन आल्या. मधल्या दिवसांत त्यांनी दोनदा बस बदलून गावी जाऊन तलाठ्याची वाट पाहिली होती, हे मला शिपायाने नंतर सांगितले. नियम माझ्या बाजूचा होता. आजही त्या नियमात मला चूक दिसत नाही. शिक्क्यावाचून कागद स्वीकारला असता तर उद्या कोणा लबाडाने त्याचाच फायदा घेतला असता. पण तलाठ्याकडे माणूस पाठवून शिक्का आणविणे माझ्या हाती होते, आणि ते मला त्या दिवशी सुचले नाही.

मला विशेष डाचते ते हे की बाईंचा स्वतःचा ठसा त्या कागदावर होता. बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारपत्रावर पंजाची छाप घेतली. ठशांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राचा आरंभ म्हणून ती गोष्ट सांगतात. त्या शास्त्राप्रमाणे कोणताही रबरी शिक्का बनावट करता येईल, पण अंगठा नाही. तरीही आमच्या टेबलावर किंमत होती ती शिक्क्याला. रांझ्याच्या पत्रावरील मुद्रा मला का आठवते, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. पुढे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अंकीय सहीला मान्यता दिली आणि आता पुष्कळ दाखले संगणकावरूनच निघतात. त्या बाईंच्या नातवास कदाचित बस बदलावी लागणार नाही. ही प्रगतीच आहे.

आता कार्डाकडे वळतो. छापील शुभेच्छापत्राचा जन्मदेखील टपालाच्या पोटी झाला. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली, आणि तीन वर्षांतच हेन्री कोल या गृहस्थांस नाताळच्या पत्रांची उत्तरे देणे आवरेना. त्यांनी चित्रकार हॉर्सली यांच्याकडून एक चित्र काढवून घेतले, शिळाछापावर सुमारे हजार प्रती काढल्या आणि हाताने रंगविल्या. उरलेल्या प्रती एका शिलिंगास एक अशा विकल्या. म्हणजे पहिले छापील कार्ड निघाले ते वेळ वाचविण्यासाठी. त्याच्या जोडीस दुसरी एक गोष्ट ठेवावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने युनिसेफचे आभार मानण्यासाठी चित्र काढले. गावात कागद नव्हता, म्हणून ते काचेवर काढले. १९४९ सालचे युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र ते हेच.

आपल्याकडे शुभेच्छापत्राची खरी ऋतू संक्रांत. दिवाळी आणि दसऱ्यासही कार्डे जात, पण संक्रांतीच्या लहानशा कार्डाबरोबर तिळगुळाची किंवा काटेरी हलव्याची चिमूटभर पुडी लिफाफ्यात जाई. गाव सोडून आलेल्या माणसाला 'गोड बोला' हे प्रत्यक्ष भेटून सांगता येत नसे, म्हणून ते टपालाने सांगावे लागे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास, हैदराबाद, बेळगाव या गावांतील आपली घरे एकमेकांस धरून राहिली ती अशा कार्डांनी. माझ्या आईच्या संक्रांतीच्या यादीत एकोणतीस पत्ते होते. ती यादीही त्या पत्र्याच्या पेटीत आहे. कोण निवर्तले, कोणाचे बिऱ्हाड बदलले, हे त्यावर तिने खोडून लिहिलेले आहे. आप्तेष्टांचा इतका विश्वासू इतिहास आमच्या घरी दुसरा नाही.

कार्ड स्वहस्ते करण्याच्या हौसेलाही कुळशील आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस कोऱ्या पोस्टकार्डांवर चित्रे काढून स्नेह्यांस व शिष्यांस पाठवीत. अशी त्यांची असंख्य कार्डे आहेत. बडोदेकरांस नंदबाबू परके नाहीत. येथील कीर्तिमंदिराच्या भिंतींवरील चित्रे १९३९ पासून पुढील काही वर्षांत त्यांनीच रंगविली. पुढे १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग निघाला. तेथे चित्रकलेच्या शिक्षणाची घडी बसविणारे नारायण श्रीधर बेंद्रे हे मूळचे इंदूरचे, देवळालीकर मास्तरांचे शिष्य. १९६६ पर्यंत ते बडोद्यात होते. शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन आणि येथेच घडलेले ज्योती भट्ट यांनी मुद्राचित्रण आणि लोककला यांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले. लाकूड, लिनो, धातूचा पत्रा यांवर कोरून नववर्षाची कार्डे स्वतः छापावयाची आणि एकमेकांस पाठवावयाची, ही चाल या मंडळींत रुजली. १९६१ पासून भरू लागलेल्या त्यांच्या कलामेळ्यातून हाताने केलेल्या लहानसहान वस्तू आमच्यासारख्या सामान्य घरांत आल्या.

युरोप-अमेरिकेत हाच प्रवाह रबरी शिक्क्याच्या वाटेने आला. जर्मनीत कुर्ट श्विटर्स यांनी १९१९ च्या सुमारास कचेरीचे शिक्के चित्रांत मारले. साठीच्या दशकात न्यूयॉर्कच्या रे जॉन्सन प्रभृतींनी टपालाने कलाकृती पाठविण्याचा परिपाठ घातला आणि त्यांच्या पाकिटांवर सरकारी थाटाचे पण गमतीचे शिक्के असत. हुकुमाचे हत्यार थट्टेसाठी वापरावयाचे, हा त्यातील खोडकरपणा. १९७० नंतर फुलापानांचे, पक्ष्यांचे शिक्के करणारे लहान उद्योग निघाले. १९८० साली 'रबरस्टँपमॅडनेस' नावाचे या छंदास वाहिलेले नियतकालिक सुरू झाले. मग पारदर्शक ठसे आले, ओल्या छापावर भुरभुरून तापविली की फुगून चकाकणारी पूड आली, आणि शेजारणी-शेजारणींनी एकत्र बसून कार्डे करण्याच्या बैठका सुरू झाल्या. तेथील गृहिणींनी हा छंद घरोघर नेला.

आमच्या गुजरातेत मात्र ठशाचे माहेर फार जुने. गांधीनगरजवळच्या पेथापूर गावी कापडछपाईचे सागवानी ठसे कोरणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. येथील 'सौदागिरी' छपाईचे कापड एके काळी थेट सयामला जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो व्यापार खुंटला, आणि आता थोडीच घरे हे काम करतात. एक नक्षी छापण्यास तीन-चार ठसे लागतात. बाह्यरेषेचा तो रेख. आतल्या रंगांचे दत्ता. जमिनीचा तो गद. लाकूड वाकू नये म्हणून नवा ठसा तेलात भिजवून ठेवतात आणि हवा कोंडून रंग फिसकटू नये म्हणून आरपार बारीक भोके पाडतात. ही भोके मी माझ्या कोयरीत पाहिली होती. कारण मात्र पेथापुरास गेलो तेव्हा समजले. कारागिराने माझा ठसा हातात घेऊन उलटसुलट केला आणि तो दत्ता आहे, याचा रेख निराळा असणार, असे सांगितले. मी आजवर अर्धीच नक्षी छापीत होतो.

स्वतः कोरू लागलो तेव्हा आणखी एक गोष्ट शिकलो. ठशावर सर्व उलटे कोरावे लागते. फूल उलटे झाले तर कोणास कळत नाही. अक्षर उलटे झाले तर लहान मूलही हसते. माझा पहिला 'श्री' आरशात पाहिल्यासारखा उमटला. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे असल्यामुळे हे काम अधिक नाजूक. मी आता पातळ कागदावर शिसपेन्सिलीने अक्षर लिहितो, कागद लिनोवर पालथा घालून पाठीवर नख घासतो आणि उतरलेल्या उलट्या रेघेबाहेरचा भाग कोरून काढतो. शिरोरेखा सर्वांत शेवटी. ती आधी मोकळी केली तर अर्ध्या कामात तिचा कंगोरा तुटतो. आपल्या लिपीतले एकेक अक्षर असे विरुद्ध बाजूने पाहिल्यावर, साठ वर्षे लिहूनही आपण ते पुरते पाहिले नव्हते, असे वाटते. माझी नात इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी पुस्तक ती कंटाळत वाचते, पण 'तिळगूळ' हा शब्द तिने स्वतः कोरला, आणि तेव्हापासून दीर्घ ऊकार विसरलेली नाही.

१५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. २०२५ साली रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झाले. सणाचे निरोप आता दूरध्वनीच्या पडद्यावर येतात; ते तत्काळ येतात, साता समुद्रापलीकडच्या मुलांचे चेहरेही दाखवितात. त्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु फोन बदलला की ते जातात. आपल्यासारख्या घरांचा इतिहास बखरींत नाही, दरबारी दप्तरांत तो असलाच तर पगारपत्रकातील एका ओळीपुरता. तो आहे पेट्यांच्या तळाशी. आपल्या पिढीने त्या पेटीत काहीच टाकले नाही, तर शंभर वर्षांनी आपल्या पणतवंडांनी भिंगाखाली काय धरावे?

म्हणून या छंदात पडणाऱ्यांस, आणि न पडणाऱ्यांसही, दोन व्यवहारी सूचना कराव्याशा वाटतात. स्टँपपॅडची जांभळी शाई उजेडात उडते; कार्डासाठी काळी रंगद्रव्याची शाई घ्यावी, आपल्या मोडी कागदांची काजळी टिकली ती त्याच गुणाने. कागद शक्यतो हातकागद असावा. पुण्यास १९४० साली हातकागद संस्था उभी राहिल्यापासून मराठी माणसास तो अनोळखी नाही. कार्डाच्या पाठीमागे आपले पूर्ण नाव, गाव, तिथीबरोबर सालही लिहावे आणि ज्यांस पाठवितो त्यांच्याशी नाते काय तेही लिहावे. आमच्या पणजोबांच्या आतेभावाने शक लिहिला असता तर मला भिंग लागले नसते. आणि कार्ड पेटीत टाकण्याऐवजी टपालकचेरीच्या खिडकीत द्यावे, छाप स्पष्ट मारण्याची विनंती करावी. मी तशी करतो. आमच्या टपालकचेरीतला तरुण कारकून प्रथम हसला; आता तो पॅडवर शिक्का दोनदा थोपटून मग मारतो.

गेल्या संक्रांतीस एकोणतीसपैकी अकरा पत्ते उरले होते. अकरा कार्डे पाठविली. दहा जणांचे फोन आले. ग्वाल्हेरच्या मामेबहिणीचे मात्र फाल्गुनात उलट कार्ड आले. तिच्याकडे ठसे नाहीत. तिने साध्या पोस्टकार्डावर आपल्या नव्या पणतीचा अंगठा कुंकवात बुडवून उमटविला होता. ठसा कडेला पुसटला होता. खाली तिने थरथरत्या अक्षरांत बाळाचे नाव, गाव, तिथी आणि साल लिहिले होते. नाते लिहिण्यास जागा पुरली नव्हती, ते समासात उभे लिहिले होते. मी ते कार्ड आईच्या यादीजवळ ठेवले आणि यादीत बारावा पत्ता घातला.